टाचेवरचा डाग, ओठावरचा ताप

माझ्या उजव्या टाचेवर काळा डाग दिसला तेव्हा तो बिब्ब्याचा आहे, असं मीच ठरवलं. त्यात मला कुणी फसवलं नव्हतं. टाचेला कुरूप झालं होतं, चालताना चपलेत खडा अडकल्यासारखं टोचायचं, म्हणून भावजयीने बिब्बा तापवून त्याचं तेल लावून दिलं. बिब्ब्याचा डाग काळा पडतो आणि लवकर जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे तो डाग महिनाभर राहिला, पुढे तीन महिने राहिला, कडेने वेडावाकडा पसरला, तरी मी निवांत. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी. 'आधी निरीक्षण करा, निष्कर्षाची घाई नको' म्हणून पोरांचं डोकं खाणारी. स्वतःच्या टाचेचं निरीक्षण करायला मात्र मला वर्षभर सवड झाली नाही.

डाग ओला होऊन चपलेला चिकटायला लागला तेव्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि दहा दिवसांनी सांगितलं, हा त्वचेचा कर्करोग आहे, मेलॅनोमा. माझी समजूत अशी की, त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांना होतो, उन्हात लोळून. डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडं तो उन्हानं होत नाही, बाई. तळव्याला होतो, नखाखाली होतो. लोक कुरूप म्हणतात, चप्पल चावली म्हणतात आणि उशिरा येतात." मी वर्गात पकडलेल्या पोरासारखी खाली बघत बसले. मग टाचेचा मोठा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली आणि दोनेक महिन्यांनी मी लंगडत का होईना, शाळेत जायला लागले.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आम्ही चौघं. मी, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक मुलगी. वडील गेले तेव्हा भाऊ नववीत होता आणि मला नुकतीच नोकरी लागली होती. त्याला वाढवता वाढवता माझं लग्न राहून गेलं. ते कुणी मुद्दाम राहू दिलं असं नाही, राहिलं. दहावीला तो विज्ञानात गटांगळ्या खात होता. आनुवंशिकतेच्या धड्यात जनुक म्हणजे काय, हे काही केल्या त्याच्या डोक्यात बसेना. शेवटी मी एक सोपं वाक्य करून दिलं आणि पन्नास वेळा म्हणायला लावलं: आईबापाकडून लेकरांकडं जातं ते जनुक. आंघोळीला जाताना म्हणायचा, जेवताना म्हणायचा. पेपरात तो प्रश्न आला आणि गडी पस्तीस मार्कांवर काठावर पास झाला. आता साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे. ते वाक्य तो अजून विसरलेला नाही, हे मला फार पुढे कळलं.

भाची तशी माझीच. तिची आई स्वयंपाकघरात असायची आणि ही माझ्या मांडीवर. मला ती आत्ती म्हणते. अक्षरं मी शिकवली तिला, हात धरून. मी जुन्या वळणाची बाई. माझा 'ल' दोन पाकळ्यांचा, उभ्या दांडीचा नव्हे, आणि 'श' शेंडीचा. ती पाय आपटायची, "बाईंनी असा न्हाई शिकवला!" मी म्हणायचे, "बाई मी आहे." दांडीचा ल काढला की मी तो खोडून टाकायचे. पुढे आमची अक्षरं इतकी सारखी झाली की माझ्या शाळेची प्रगतिपुस्तकं मी कितीदा तिच्याकडून भरून घेतली आणि मुख्याध्यापकांना कधी शंका आली नाही. मला त्याचं केवढं कौतुक होतं! येईल जाईल त्याला सांगायचे.

ती हुशार निघाली. मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. केलं आणि एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. दिवसभर दुधातले जंतू मोजते. घरात विज्ञान कळणारं दुसरं माणूस आल्यावर मला बोलायला कुणीतरी मिळालं. आम्ही दोघी बोलायला लागलो की भाऊ उठून गॅलरीत जायचा.

दिवाळीनंतर तिला इचलकरंजीजवळच्या कबनूरचं स्थळ आलं. घरचे यंत्रमाग, मुलगा इंजिनिअर, आई तोंडाने फटकळ पण हसरी. बघायला आले तेव्हा त्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत माझ्या पायाकडे बघून विचारलं, "बाईंच्या पायाला काय झालंय?"

भाऊ पटकन म्हणाला, "कुरूप काढलंय वो. टाचंला."

"कुरूपाला एवढी पट्टी?"

"मुळापासनं काढलं की."

मी हसून मान हलवली. ते खोटं मला खुपलं नाही, हे इथे लिहून ठेवते. पोरीचं लग्न आहे, लोक शंभर शंका काढतात, चार महिने कर्करोगाला कुरूप म्हटलं तर माझं काय जातंय? त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या आजाराला कुरूप म्हणायचं ठरलं. 'कुरूपाच्या डॉक्टरकडं जायचंय', 'कुरूपाची गोळी घेतलीस का'. भाची तर मला डोळा मारून म्हणायची, "तू सुरूप, तुझा पाय कुरूप." सुपारी फुटली, लग्न मे महिन्यात धरलं.

त्याच सुमाराला माझ्या नडगीवर काळे दाणे उठायला लागले. आधी एक, मग चार, मोहरी फुगल्यासारखे. डॉक्टरांनी सांगितलं, टाचेतल्या काही पेशी वर जाताना वाटेत अडकल्यात, तिथेच वाढतायत. कापत गेलो तर किती कापणार? त्या दिवशी भाऊ आणि भाची दोघंही माझ्यासोबत होते. डॉक्टर म्हणाले, एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात चाचणी सुरू होणार आहे. जनुकीय उपचार. एका विषाणूतली त्रास देणारी जनुकं काढून टाकायची, त्यात एक नवं जनुक घालायचं आणि तो विषाणू सुईने थेट ह्या दाण्यांत सोडायचा. तो कर्करोगाच्या पेशीत वाढतो, ती फोडतो, आणि ते नवं जनुक शरीरातल्या पहारेकऱ्यांना हाक मारून आणतं. दर पंधरा दिवसांनी सुई.

"गुण येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "काहींना चांगला येतो, काहींना येत नाही. पण तुमचा आजार अजून कातडीतच आहे, म्हणून तुम्ही बसता त्यात. एकदा फुप्फुसात, यकृतात गेला की ते घेत नाहीत. मी नाव पाठवतो, पुढचं ते तुम्हाला कळवतील." इस्पितळाच्या कागदावर फोन नंबर भावाचा होता. पहिल्या दिवसापासून माझी फाईल तोच सांभाळायचा. 'तू शाळंचं बघ, दवाखान्याचं मी बघतो' म्हणाला होता आणि मला बरं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी आजारी आहे हे मी विसरून गेले. भाची माझ्या पलंगावर मांडी घालून बसली, पेपरच्या कोऱ्या कडेला विषाणूचं चित्र काढलं, कुठलं जनुक काढतात तिथे फुली मारली, कुठे नवं घालतात तिथे बाण काढला. तिचे डोळे चमकत होते.

"आत्ती, ह्यो विषाणू कुठला म्हाइताय? ओठावर ताप मुततो न्हवं? त्योच!"

ताप उतरला की ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड येतात, त्याला आमच्याकडे ताप मुतला म्हणतात. भाषा जरा अशीच आहे आमची. मी म्हणाले, "म्हणजे आता माझ्या नडगीवर डॉक्टर ताप मुतवणार?" आम्ही दोघी इतक्या हसलो की भावजय पोळीचं उलथनं हातात घेऊन बघायला आली. तिला सांगितल्यावर तीही पदर तोंडाला लावून हसली.

भाऊ दारात उभा होता. तो तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, "जनुकीय म्हंजे?"

"जीन्स, पप्पा. पँटचं न्हाई, पेशीतलं," भाची म्हणाली.

"म्हंजे आईबापाकडनं येतंय ते."

"तेच," असं म्हणून ती पुन्हा चित्राकडे वळली. मीही तिच्यासोबत चित्रच बघत होते. त्या क्षणी मी मान वर करून भावाच्या तोंडाकडे बघायला पाहिजे होतं.

तीनेक आठवड्यांनी एका रविवारी सकाळी भाऊ म्हणाला, "आक्का, त्या इस्पितळातनं फोन आलता. जागा भरल्या म्हणं. आपला नंबर न्हाई लागला." भाची जमिनीवर बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हणाले, जाऊ दे, एवढ्या देशात माझाच नंबर कसा लागेल. दोघांची तोंडं उतरलेली बघून उलट मीच त्यांची समजूत काढली, दुसरं काही निघेल म्हणाले. भाचीच्या डोक्यावरून हातही फिरवला. आज तो हात आठवला की माझी मला चीड येते.

एप्रिलमध्ये तपासणीची तारीख आली. त्याच दिवशी भाऊ, भावजय आणि भाची बस्ता बांधायला कबनूरकरांसोबत इचलकरंजीला गेले होते. भाऊ म्हणाला, तारीख पुढं ढकलू. मी म्हणाले, रिक्षाने जाऊन येते, मला काय पाय नाहीत? त्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच एकटी गेले.

डॉक्टरांनी नडगी बघितली. दाणे आता डझनावर गेले होते. हात धुता धुता ते म्हणाले, "बाई, एक बोलू का? निर्णय तुमचा होता, मी मान ठेवला. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडून मला तशा नकाराची अपेक्षा नव्हती."

"कसला नकार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडची फाईल काढून एक कागद समोर ठेवला. रेघांच्या वहीतलं पान. 'मी विचारपूर्वक कळवते की, सदर जनुकीय उपचारांच्या चाचणीत सहभागी होण्याची माझी इच्छा नाही. हा निर्णय मी कोणाच्याही दबावाशिवाय घेतला आहे. कृपया या संदर्भात माझ्या घरी पुन्हा दूरध्वनी करू नये.' खाली माझी सही.

पहिले काही क्षण मला खरंच वाटलं की हे मी लिहिलंय आणि विसरले. अक्षर माझं होतं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. 'विचारपूर्वक'मधला पू दीर्घ. 'उपचारांच्या'वरचा अनुस्वार जागच्या जागी. 'दूरध्वनी'चा दू दीर्घ. मग माझी नजर 'दबावाशिवाय'मधल्या शेंडीच्या श वर गेली, 'घेतला'मधल्या दोन पाकळ्यांच्या ल वर गेली. असा ल ह्या गावात आता दोनच माणसं काढतात आणि त्यातलं एक माणूस त्या क्षणी खुर्चीत बसून तो वाचत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे तुमचं अक्षर नाही?"

"माझंच आहे," मी म्हणाले. खोटं तरी कसं म्हणू त्याला? मग मी विचारलं, "आता घेतील का मला?"

"अजून जागा आहेत. पण आधी स्कॅन करावा लागेल. चार महिने झाले." म्हणजे जागा भरल्या होत्या, हेही खोटं होतं. दुसऱ्याच दिवशी स्कॅनची वेळ दिली.

रिक्षात बसल्यावर मला राग आला. रडू नाही आलं, राग आला. इतका की रिक्षावाला "कुठं जायाचं, मावशी?" विचारत होता आणि माझ्या तोंडातून पेठेचं नाव बाहेर पडेना. माझ्या पायाचं, माझ्या जिवाचं पत्र आणि ते माझ्याच अक्षरात, मला न विचारता! चोराने घरात शिरून काही नेलं तर आपण समजू शकतो. इथे मी हाताला धरून जे शिकवलं, तेच माझ्यावर उलटवलं होतं.

संध्याकाळी तिघं बस्त्याची गाठोडी घेऊन हसत आले. भाची साड्या दाखवायला माझ्या खोलीत येणार, तेवढ्यात मी म्हणाले, तू वर जा, मला तुझ्या बापाशी बोलायचंय. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गाठोडं तिथेच ठेवून गेली.

मी भावाला पत्राचं विचारलं. तो खुर्चीत बसला, रुमालाने मान पुसली.

"मी लिवलं," तो म्हणाला.

ह्याचं अक्षर कोंबडी नाचल्यासारखं. स्वतःची सही दोन वेळा सारखी येत नाही. लेकीला पाठीशी घालत होता, हे मला कळलं. पण मी तिथे थांबले नाही. विचारलं, "का?"

"आक्का, तूच शिकवलंस की मला. आईबापाकडनं लेकरांकडं जातंय ते जनुक. त्या इस्पितळाचा कागद माझ्या फोनवर आलता. वर ठळक लिवलंय, त्वचेच्या कर्करोगावरील जनुकीय उपचार. आत मागिटलंय, रक्ताच्या नात्यातल्या माणसांची नावं आनि आजार लिवा. पोरीचं नाव घालू व्हय त्यात? उद्या त्यांचा मानूस चवकशीला दारात आला तर? कबनूरात एकाला जरी कळलं असतं की ह्यांच्या रक्तातच हाय म्हणून, तर सोयरीक मोडली असती."

माझा आवाज शेजारच्या घरात गेला असेल. "अरे गाढवा! माझ्या टाचेतल्या एका पेशीतलं जनुक बिघडलं. ते आईने दिलेलं नाही, बापाने दिलेलं नाही. तळव्याचा हा आजार सहसा घराण्यातून येत नाही आणि घराण्यात जातही नाही. उपचार जनुकांचा आहे, आजार रक्तातला नाही! आणि ते वाक्य मी तुला पस्तीस मार्कांसाठी दिलं होतं रे. त्यावर माझा जीव तोलायला नाही. घरात विज्ञानाची बाई बसलीय. एक प्रश्न विचारायचा होतास मला. एक."

"इचारलं असतं तर तू 'चाचणीला जाते' म्हणाली असतीस."

तो अडाणी होता म्हणून फसला, असं मी म्हणू पाहत होते, पण त्याच्या ह्या वाक्यात अडाणीपणा नव्हता. मी काय म्हणाले असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याने विचारलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून भावजय म्हणाली, "वन्सं, चुकलं आमचं." आमचं म्हणाली. म्हणजे ह्या घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत ठिपके निघाले. डॉक्टरांनी पडद्यावर बोटाने दाखवले. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, त्या सुईची वेळ आता गेली. शरीराची प्रतिकारशक्ती वाढवणारं सलाईन सुरू केलंय, दर तीन आठवड्यांनी जाते. त्याचा गुण किती येतो, ते बघायचं आहे. ती सुई मिळाली असती तरी कदाचित उपयोग झाला नसता, हे मला कळतं. विज्ञान शिकवते, एवढं कळायलाच पाहिजे. आणि आणखी एक लिहिते, कारण ते खरं आहे: भावाने मला समोर बसवून सांगितलं असतं की आक्का, पोरीचं लग्न होईपर्यंत थांब, तर मीच तो नकार लिहून दिला नसता असं छातीठोक सांगता येत नाही. दिलाही असता. तिच्यासाठी मी काय दिलं नव्हतं? पण तो कागद मी लिहायचा होता. माझ्या हाताने.

भावाशी मी महिनाभर कामापुरतं बोलले. पण खरं सांगायचं तर त्याच्यावरचा राग हळूहळू जुना झाला. माझं मन दुसरीकडेच अडकलं होतं. त्याला कळत नव्हतं, निदान अर्धं तरी. तिला कळत होतं. पलंगावर बसून फुली कुठे मारायची, बाण कुठे काढायचा, हे तिनेच दाखवलं होतं. बापाला समजवायला तिला एक वाक्य पुरलं असतं. ते न बोलता तिने वहीचं पान फाडलं आणि माझं अक्षर काढलं.

मी तिला विचारलं नाही. परीक्षेत एखादं पोर कॉपी करताना दिसलं की मी लगेच धरत नाही, स्वतःहून चिठ्ठी टाकून देतंय का बघते. तसं तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती सकाळी डेअरीत जाताना "येतो आत्ती" म्हणायची, संध्याकाळी माझी पट्टी बदलायची, फुंकर घालून मलम लावायची. आम्ही लग्नाच्या पत्रिकेतल्या चुका काढल्या. चिठ्ठी काही पडली नाही. एप्रिल गेला, मे लागला, दारात मांडव पडला.

हळदीच्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी माझ्या खोलीत पाय स्टुलावर ठेवून बसले होते. सलाईनने अंगात त्राण नव्हतं आणि मला बाहेर जायचंही नव्हतं. दार ढकलून ती आत आली. पिवळी साडी, हातात हिरवा चुडा, आणि रुमाल तोंडावर धरलेला.

"आत्ती, बघ की."

रुमाल काढला. खालच्या ओठाच्या कडेला चार फोड, पाणी भरलेले, भोवती लाल. ताप मुतला होता. ताप नसतानाही येतो तो. एकदा अंगात शिरला की मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि माणसाला झोप नसली, मनाला घोर लागला की उठून ओठावर येतो. हे तिला मी सांगायची गरज नव्हती, तिनेच मला शिकवलं होतं. मी तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. आम्ही दोघी त्या फोडांकडे बघत होतो, ती माझ्या हातातल्या आरशात आणि मी समोर. कुणीच हसलं नाही.

"मेकअपवाली म्हणतीय झाकतो," ती म्हणाली. मग तिने माझ्या हातातला आरसा काढून पालथा ठेवला. "आत्ती, ते पत्र मी लिहिलंय."

"माहीत आहे."

"कधीपासनं?"

"पाकळीचा ल काढलास. दांडीचा काढला असतास तर सुटली असतीस."

ती खाली बसली, माझ्या पायाशी. "पप्पा लई घाबरलंते. मी सांगायचा प्रयत्न केला त्यांना—"

"किती वेळा?"

बाहेर बायकांचा गलका चालला होता. ती म्हणाली, "एकदा. मग न्हाई सांगितलं. मला बी भ्या वाटलं. मला त्यो मुलगा आवडला हुता, आत्ती. मला वाटलं, दुसरं औषध निघंल. चार महिन्यांत काय हुतंय म्हटलं."

"त्याला कळत नव्हतं. तुला कळत होतं."

"व्हय," ती म्हणाली. "मला कळत हुतं."

एवढंच ऐकायला मी महिनाभर थांबले होते. वाटलं होतं, ती कबूल झाली की आत काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तिथेच, जिथे बसून ती ल काढायला शिकली, आणि मला तिच्या केसांवर हात ठेवावासा वाटला नाही. मी तो खुर्चीच्या दांडीवरच ठेवला. तिला ते कळलं. तिने डोकं उचललं.

बाहेरून कबनूरच्या विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "नवरी कुठं हाय? हळद वाळाय लागली की!"

ती उठली. डोळे पुसले, आरसा उचलून ओठ पुन्हा बघितला, त्या फोडांना बोट लावलं. आणि लहानपणी गुडघा फुटला की ज्या आवाजात विचारायची, अगदी त्याच आवाजात विचारलं, "आत्ती, जाईल न्हवं हे?"

"जाईल," मी म्हणाले. "तुझं जाईल."